साथीदारांचा रकाना

“संग्रहातील एकही ध्वनिफाईल नष्ट झालेली नाही.” — सूचनाफलकावरच्या या वाक्यात, बरोबर ‘एकही’वर, पितळी टाचणी तिरकी घुसली होती, आणि ती सरळ करायला वर गेलेला त्याचा हात तसाच थांबला. वाक्य त्याचेच होते; गाण्यांच्या या संग्रहाची यंत्रणा तोच सांभाळत होता. बिनचूक होते, त्याचा नीचपणा नेमका तिथेच होता. डिस्क बिघडून चार हजार फाईली गेल्या, बॅकअपमधून चार हजार परत आल्या, चार हजार वाजत होत्या. गेली होती ती फाईलींच्या माथ्यावर नोंदलेली नावे... आणि नावांविषयी निवेदनात अवाक्षर नव्हते, कारण ते लिहिणारा मूर्ख नव्हता.

गायकांची नावे शाबूत होती. ती मूळ तबकड्यांच्या वेष्टनांवरच छापलेली होती. साथीदारांची कुठेच छापलेली नव्हती. ती ओळखली होती मास्तरांनी — वाद्यवृंदातून निवृत्त झालेल्या व्हायोलिनवादकाने, सहा वर्षे, रोज सकाळी, डोळे मिटून, केवळ कानांनी. “हा डावरा. गज उचलताना श्वास घेतो, ऐक. लग्न ठरलं तेव्हापासून सगळंच घाईत वाजवायला लागला गाढव. लिही त्याचं नाव. जिवंतपणी कुणी लिहिलं नाही.” आणि तो साथीदारांच्या रकान्यात लिहीत गेला.

बॅकअप रोज होत होता. रोज अहवाल येत होता : चुका शून्य. पण अशा नोंदींसाठी प्रत्येक फाईलीत आधीच मोकळी जागा राखलेली असते. तिथे लिहिल्याने फाईलीचा आकार बदलत नाही. आणि ‘नवी आवक’ची यादी विस्कटू नये म्हणून फाईलीची तारीखही बदलू न देण्याची सोय त्याने स्वतःच, पहिल्याच आठवड्यात, मोठ्या हुशारीने करून ठेवली होती. बॅकअप फक्त बदललेली फाईल पुन्हा उतरवून घेतो, आणि बदल ओळखायला पाहतो तो आकार आणि तारीख. दोन्ही जुनेच. म्हणजे काही घडलेच नाही, असे धरून ते यंत्र सहा वर्षे मास्तरांना ओलांडून पुढे जात राहिले... आणि अकरा दिवसांपूर्वी मूळ डिस्क बंद पडली.

इथवर चूक. चूक माणूस पचवतो. पण मागच्या वर्षी एका अभ्यासकासाठी बॅकअपमधून त्याने एक फाईल काढली होती, रकाना रिकामा दिसला होता, आणि कारण कळायला त्याला तीन मिनिटे लागली होती — तीनच. चहाचा कप तोवर गरम होता. सगळ्या प्रती नव्याने घ्यायच्या तर संग्रह चार दिवस बंद ठेवावा लागला असता. बंद ठेवण्याचे कारण संचालकबाईंना लेखी द्यावे लागले असते. आणि त्याच महिन्यात त्याच्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता. नंतर बघू, असे त्याने स्वतःशी म्हटले... नाही, तेवढेही म्हटले नाही. कप विसळला आणि पालथा घातला.

“काय रे, यंत्राने काहीतरी गिळलं म्हणे?”

मास्तर वाचनकक्षात येऊन आपल्या खुर्चीत बसलेही होते. या हिवाळ्यात त्यांचा उजवा कान पुरता गेला होता. डावा त्याच वाटेवर होता.

“मास्तर, डिस्कमध्ये तांत्रिक बिघाड उद्भवल्यामुळे साथीदारांसंबंधीची काही माहिती—”

“मोठ्यांदा बोल. आणि थोडक्यात. लांब वाक्याचं मला शेपूटच ऐकू येतं.”

“नावं गेली, मास्तर.”

“कुणाची?”

“सगळ्यांची.”

टेबलांवरच्या दोन-तीन माना वर झाल्या. संचालकबाई दाराशी हातातले कागद चाळत थांबल्या. मास्तरांनी नखाने टेबलाची कड खरवडली, मग हेडफोन ओढून कानांवर चढवला. “गेली तर गेली. पुन्हा करू. पहिल्यापासून लाव.”

त्याने लावली. पडद्यावरची हिरवी रेघ उंचसखल होत सरकू लागली; आवाज त्याने वाढवला, आणखी वाढवला, इतका की हेडफोनच्या कडेतून व्हायोलिन बारीक झिरपून त्याला ऐकू येऊ लागले. मास्तरांनी डोळे मिटले होते, मान किंचित कलती केली होती — सहा वर्षे केली होती तशीच.

“अरे, लाव ना,” ते म्हणाले.

मास्तरांनी डोळे उघडले, सरकणारी रेघ पाहिली, आणि बराच वेळ पाहिली. मग हेडफोन उतरवून त्यांनी त्याचा मनगटापाशी हात धरला. “असू दे. तुझा काय दोष? यंत्र आहे ते.”

म्हणजे निवेदन इथवर पोहोचले होते. फलकावर लटकवलेला तो खोटेपणा आता या सुरकुतलेल्या हातात शिरून त्याचीच समजूत काढत होता, आणि ती समजूत त्याला हवीशी वाटली... एक क्षण, निर्लज्जपणे, हवीशी वाटली. तसे वाटल्याची त्याला जेवढी किळस आली तेवढी वर्षभरात कशाचीच आली नव्हती. त्याने तोंड उघडले आणि खरे ते मोठ्यांदा सांगून टाकले. काहीच हलके झाले नाही. आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत आला, दाराशी संचालकबाईंचे कागद चाळणे थांबले, आणि पुढचे सोयीचे वाक्य शोधायला मन नेहमीसारखे धावले नाही, हे त्याला दूरवरून जाणवले. मास्तरांनी डावा कान पुढे केला. तो वाकला, आणि तेच, त्याच आवाजात, एक शब्दही न बदलता पुन्हा म्हणाला :

“मला वर्षापूर्वीच कळलं होतं, मास्तर. तेव्हाच सांगितलं असतं तर नावं वाचली असती. मला बढती हवी होती, म्हणून मी गप्प बसलो.”