आत्याच्या कानावर

बाबांनी सगळं ठरवलं होतं. ऑकलंडला जायचं नाही, नळ्या लावून घ्यायच्या नाहीत, दुखायला लागलं की नर्सबाईंनी दिलेलं औषध घ्यायचं आणि इथे वावाऊ बेटावर आपल्याच घरात डोळे मिटायचे. पोटातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. नर्सबाईंनी बाबांची इच्छा लिहून घेतली, त्यांनी सही केली, मीही केली. आणि आम्ही सगळे शहाणे एका माणसाला विसरलो. लोसालिने आत्या.

आमच्या टोंगात थोरल्या बहिणीचा शब्द शेवटचा. लग्न असो की मयत, आत्या बोलली की विषय संपला, बाबांचीसुद्धा पुढे बोलायची टाप नाही. आणि तिला सांगणार तरी कोण? वयात आल्यावर भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत. भावाच्या पोटाबिटाचं बहिणीच्या कानावर घालणं तर भलतंच. आजारी पडेपर्यंत आत्या अंगणात आली की बाबा मागच्या दाराने बाहेर सटकायचे.

रविवारी चर्चमधून ती परस्पर आमच्याकडे आली. चर्चला जाताना रीतीप्रमाणे कमरेला गुंडाळलेली विणलेली चटई तशीच, हातात पंखा. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली.

"सेईनी, शुक्रवारचं तिकीट काढलंय. माझ्या पोरांनी ऑकलंडला डॉक्टर बघितलाय. बापाची बॅग भर."

"आत्या, बाबांना जायचं नाहीये."

"एवढं झालंय तरी काय त्याला? की तुलाच त्याचं करायचा कंटाळा आलाय?"

मला रडू फुटलं. काय झालंय, हेच तर सांगायची चोरी! आत्याचा राग आला, त्याहून जास्त त्या रीतीचा आला. शुक्रवारी बाबांना उचलून विमानात घातलं असतं आणि मी बघत बसले असते.

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. अंगात होती नव्हती ती ताकद लावून बोलत होते.

"आई, ऐकतेस का?"

आजीचा फोटो त्याच भिंतीवर होता, जिच्यापलीकडे आत्या बसली होती.

"आई, माझं पोट आतून सडलंय. आता ते दुरुस्त व्हायचं नाही. तिकडे नेतील, नळ्या खुपसतील आणि पेटीत घालून परत पाठवतील. तुझ्या लेकीची माया मला कळते गं. पण तिला सांग, मला इथेच राहू दे."

आत्याचा पंखा थांबला. मला वाटलं, आता उठून जाणार. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, तुझा लेक लहानपणी बोटीला घाबरायचा, आता विमानाला घाबरतोय."

आत बाबा हसले, मग खोकले.

"विचार त्याला, दुखलं तर?"

"औषध आहे म्हणावं, आई. सेईनी देते."

"आणि जेवण सुटलं तर?"

"तर कोंबू नका."

आत्याने रुमालाने तोंड पुसलं, डोळेही पुसले. मग माझ्याकडे हात पुढे केला. "फोन दे."

मुलांना ती एवढंच म्हणाली, "तिकीट रद्द करा. माझा भाऊ घरीच राहील. मी ठरवलंय."

दुसऱ्या दिवशी तिने व्हरांड्यात भिंतीलगत अंथरूण टाकलं. कुणी नातेवाईक ऑकलंडचं नाव काढायचा, की ती पंखा उगारायची, "मी ठरवलंय म्हटलं ना!" सही केलेला कागद कुणी बघायलासुद्धा मागितला नाही. अधूनमधून भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आजीशी गप्पा चालायच्या, लहानपणच्या भांडणांच्या.

बाबा सकाळी गेले, फार न दुखता. मी बाहेर येऊन आत्याकडे नुसतं बघितलं.

गेलेल्या भावाच्या उशाशी बसायचा मान बहिणीचा. आता रीत आडवी येत नव्हती. आत्या आत आली, उशाशी बसली आणि बाबांच्या कपाळावर हात ठेवला. फोटोकडे तिने पाहिलंही नाही.

"किती वाळलास रे," ती त्यांना म्हणाली.