नॉर्मनच्या जोडीतला लीक

इंग्लंडातल्या डरहॅमकडचा माणूस एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरेल, पण लीकला पाणी घालायला विसरणार नाही. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोराड भाऊ. तो दंडाएवढा जाड झाला की सप्टेंबरच्या प्रदर्शनात मांडायचा, आणि तोही जोडीनं. दोन्ही अगदी सारखे हवेत. एकट्याला तिथं कुणी विचारत नाही. नॉर्मन हेस्लॉपनं यंदा अशी एक जोडी तळहाताच्या फोडासारखी जपली होती. आजवर पहिल्या नंबराचा कप दरवर्षी शेजारच्या वाफ्यातल्या बिली ग्रीनवेलच्या घरी जायचा आणि बिली तो मुद्दाम खिडकीत ठेवायचा.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी नॉर्मन वाफ्यावर आला तर एका लीकच्या जागी नुसता खड्डा!

"बिल्या!"

"माझ्यावर कशाला डोळे वटारतोस?" बिली म्हणाला. "मी चोर असतो तर दोन्ही नेले नसते का? हिलरीबाईंना विचार."

हिलरीबाई म्हणजे दक्षिणेकडून इथं राहायला आलेल्या निवृत्त शिक्षिका. सगळ्यांच्या वाफ्यांतली भाजी दर शुक्रवारी गाड्यावर घालून गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या फूड बँकेत पोचवायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. त्या रिकामा गाडा ढकलत परत येतच होत्या.

"तो मोठा ना? मीच काढला," त्या हसून म्हणाल्या. "वाफेवाल्यांच्या बैठकीत तुम्हीच ठणकावलंत, द्यायचं तर चांगलं द्या, उरलंसुरलं लोकांच्या गळ्यात मारू नका. म्हणून सगळ्यात चांगला होता तो दिला."

बिली खोकल्याचं निमित्त करून घेवड्याच्या वेलांआड गेला.

तरी नॉर्मनला आशा होती. प्रदर्शनासाठी लीक आज उपटायचाच होता. मुळं शाबूत असली तर काही बिघडलं नव्हतं. गुडघ्याचं दुखणं विसरून नॉर्मन सुटला, तो थेट खाणकामगारांच्या जुन्या हॉलवर. फूड बँक तिथंच भरते.

हॉलमध्ये रांग होती. टेबलापाशी एक तरुण बाई तो लीक मुळांसकट हातात धरून उभी होती आणि तिची छोटी मुलगी त्याच्याशी आपली उंची मोजून बघत होती. धापा टाकणाऱ्या नॉर्मनचा चेहरा बाईनं पाहिला.

"तुमचा आहे का हो?" तिनं लीक पुढं केला. "चुकून आला असेल. घ्या ना."

नॉर्मननं अजून तोंडही उघडलं नव्हतं. हातातलं काढून घेतलं जाण्याची सवय असावी, तशी ती चटकन देऊन मोकळी होत होती.

त्याचे हात पुढं गेले होते, ते तिथंच थांबले. तो खाणीत कामाला असताना, मोठ्या संपाच्या वर्षी घरात पगार नव्हता, तेव्हा याच हॉलमध्ये तो बायकोला, मॉरीनला, आणि तान्ह्या लेकीला घेऊन सूपसाठी उभा राहिला होता. त्या सुपातला कोबी कुणाच्या बागेतला, हे त्याला कधी कळलं नाही. तो परत मागायलाही कुणी आलं नाही. शरमेनं मान खाली घालून तो जेवायचा आणि निघून जायचा.

"परत न्यायला नाही आलो, पोरी," तो चक्क खोटं बोलला. "तू हिरवी पानं टाकून देशील, म्हणून सांगायला आलो. खरी चव त्यांच्यातच असते. घरात बटाटे आहेत?"

"आहेत. दोन दिवस जातील आमचे यात."

"तीन जातील. मीठ तेवढं जपून घाल."

ती हसली. "थँक्यू हं, आजोबा."

नॉर्मननं टोपी काढली.

"थँक्यू मीच म्हणतो."

"तुम्ही? ते कशाबद्दल?"

"इथं जेवलोय मी, बायको-लेकीला घेऊन. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. ज्यांनी वाढलं त्यांच्यातलं आता कुणी उरलं नाही. तू तरी ऐकून घे."

तिनं लीक काखेत धरला आणि त्याचा मातीनं भरलेला हात आपल्या हातात घेतला.