कॉम्प्युटरचे अकरा गुण

माझी आई गोजरबाई हिचं तोंड दुधानं कधी पोळलं होतं ठाऊक नाही, पण ती ताकच काय, पाणीही फुंकून प्यायची. तरी अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीत ती एकदा फसली. पाथर्डीला स्टँडजवळ तुषार नावाच्या पोरानं कॉम्प्युटर कुंडलीचं दुकान टाकलं होतं. तिथं माझं आणि मला सांगून आलेल्या अजिनाथचं नाव घातलं, तर सव्वीस गुण जुळले. तेवढ्यावर आईनं बोलणी पुढं जाऊ दिली. अजिनाथला मी दोनदाच पाहिलं होतं, पण माझं मन बसलं होतं.

साखरपुड्याआधी त्याची आई बायडाबाई म्हणाली, गुणांचा कागद हातात असलेला बरा. तो आणायला आम्ही तिघी दुकानात गेलो, तर तुषारनं मध्यंतरी नवा प्रोग्रॅम टाकलेला. जुना बिचारा नाव घातलं की गुण सांगून मोकळा व्हायचा. नव्यात रंगीत गणपती होता आणि चौकशा फार होत्या. जन्मतारीख सांगा, वेळ सांगा, गाव सांगा. एक रकाना रिकामा राहिला तरी गाडी पुढं सरकत नव्हती.

"आदी नाव पुरत हुतं," आई माझ्या कानात म्हणाली. "आता येळ कशाला पायजे? कुनाच्या सांगन्यावरनं बदललं ह्यानं?"

असं म्हणत तिनं बायडाबाईकडं तिरकं पाहिलं. बायडाबाईनं उलटंच ताडलं. मुलीची आई वेळ सांगायला कचरते म्हणजे काहीतरी झाकते, हे तिच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

शेवटी माझी तारीख शाळेच्या दाखल्यावरची घातली, एक जून. अजिनाथचीही एक जूनच निघाली. आमच्याकडचे गुरुजी निम्म्या वर्गाला त्याच दिवशी जन्माला घालायचे. वेळ मात्र आईला पक्की आठवत होती. ऊसतोडीला गेलेली असताना पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळक्या पाल्याच्या झोपडीत, मी जन्मले, तेव्हा कारखान्याचा सकाळचा भोंगा वाजत होता. तुषारनं तो भोंगाही भरला. अजिनाथचा जन्म बायडाबाईनं गुरं सुटायच्या वेळचा सांगितला.

गुण आले अकरा.

नवा प्रोग्रॅम जास्त अचूक आहे, असं तुषार सांगू लागला. बायडाबाई पदर सावरत उठली आणि आई भडकली.

"जूनमदी कारखाना बंद असतो रं. भोंगा कुटनं वाजंल? तुज्या यंत्राला यवढं पन कळंना."

आता तिला आवरणं अवघड होतं. एवढी परीक्षा घ्यायची तर बायडाबाईचं आणि तिच्या मालकाचंही नाव घालून बघ, असं तिनं तुषारला सुनावलं. मला तिचा हात ओढावासा वाटला. बायडाबाईचा नवरा कामासाठी मिरजगावला राहतो, एवढंच आम्हाला सांगितलेलं होतं.

बायडाबाई परत खाली बसली.

"नगा घालू," ती म्हणाली. "जोश्यानं बगितलं हुतं. बत्तीस जुळले हुते. मिरजगावला त्यो कामासाटी न्हाई. दुसरीसंगं ऱ्हातो."

बायडाबाई माझ्याकडं वळली.

"तुला पोरगं पसंत हाय का?"

हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. तिनं अकरा गुणांचा कागद तिथंच टेबलावर ठेवला आणि साखरपुडा ठरल्या दिवशीच होईल म्हणाली. मला इतका आनंद झाला की दुकानातच रडू आलं.

परतीच्या जीपमध्ये गाव जवळ आल्यावर आई माझ्या कानाशी वाकली.

"बाप बत्तीस गुनांवर ऱ्हायला न्हाई. ह्यो अकरावर ऱ्हाईल का?"

आईच्या संशयांना मी कायम हसत आले होते. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. साखरपुड्याला अजिनाथ समोर बसला, माझ्याकडं बघून लाजत हसला, आणि मी त्याच्या चेहऱ्यात त्याच्या बापाला शोधू लागले. त्या माणसाला तर मी कधी पाहिलंही नव्हतं.