हात न लावण्याची अट

"बाबा, एकच अट. प्लगला हात लावायचा नाही," दार उघडता उघडताच मुलगा म्हणाला. हसत म्हणाला, पण अट खरी होती.

"बरं बाबा," म्हातारा वायरमन म्हणाला. छत्तीस वर्षं लोकांच्या घरांत तारा ओढलेल्या माणसाला असली अट, पण करतो काय? अडला हरी. दोन वर्षांपूर्वी जळका वास आला म्हणून त्यानं ऐन पार्टीत मेन स्विच पाडला होता. वीस पाहुणे अंधारात, आणि वास निघाला शेजारच्यांच्या करपलेल्या दुधाचा. गेल्या वर्षी सुट्टीत बोलावणंच आलं नाही. ते चार दिवस त्यानं खोलीत रेडिओशी भांडत काढले. फार वाईट गेले. यंदा तोंडाला कुलूप घालायचं ठरवूनच तो निघाला होता.

हॉल सुरेख सजला होता. खिडकीभर दिव्यांच्या माळा, कागदी फुलं, नवे लांब पडदे. याची नजर मात्र मेली खालीच गेली. तीन माळा एकीला एक जोडून एका एक्स्टेन्शन बोर्डात खुपसलेल्या, त्याच बोर्डात हीटर, आणि दिसायला वाईट नको म्हणून बोर्ड गालिच्याखाली. पडदा त्या गालिच्यावर टेकलेला.

"सूनबाई, हा हीटर जरा..."

"बाबा." ती एवढंच म्हणाली.

तो गालिच्याशेजारी स्टूल टाकून बसला. अधूनमधून उलटा हात खाली टेकवायचा. वायरमन तळवा कधी लावत नाही. झटका बसला तर मूठ तारेवरच आवळते. गालिचा आधी कोमट होता, मग चहाच्या कपासारखा झाला. जेवायलाही तो उठला नाही.

"सासरे रुसलेत वाटतं," सुनेची मावशी कुजबुजली. त्याला ऐकू आलं.

जेवणं झाल्यावर सगळे खाली रोषणाई बघायला निघाले. नातीनं त्याचं बोट धरलं. "आजोबा, चला ना. आपली खिडकी खालून कशी दिसते बघू."

जावंसं फार वाटलं. "तू हो पुढे, बाळ. आलोच मी."

दार लागलं तसा त्यानं भिंतीवरचा स्विच बंद केला. गालिचा उचलला. बोर्डाचं प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूनं बसलं होतं, गालिच्याची मागची बाजू काळी पडली होती. त्यानं हीटर बाजूला सारला, माळा सोडवल्या, पडदा वर बांधला आणि एकच माळ थेट भिंतीतल्या प्लगला लावली. बोर्ड पिशवीत टाकला.

सगळे वर आले. सुनेचा चेहरा उतरला होता. "सगळी बिल्डिंग बघत होती, बाबा. नेमकी तेव्हाच आपली खिडकी अंधारात. हात लावलात ना?"

पिशवी पायाशीच होती. बोर्ड काढून दाखवला की झालं असतं. पण तिचे डोळे भरले होते, मावशी कंबरेवर हात ठेवून उभी होती, आणि सगळी सजावट पोरीनं एकटीनं आठवडाभर खपून केली होती.

"हो," तो म्हणाला. "खोड जात नाही मेली. उद्या सकाळी निघतो मी."

सकाळी मुलगा त्याला सोडायला खाली आला, तेव्हा त्यानं बोर्ड त्याच्या हातात दिला. मुलानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"बाबा, चार दिवस राहणार होतात ना?"

"तिला लगेच सांगू नकोस," वायरमन म्हणाला. "दोन दिवस जाऊ देत. आणि नवा घेशील तो उघड्यावर ठेव."

बस आली. खिडकीची जागा मिळाली, शेजारची रिकामीच होती. त्यानं तिच्यावर पिशवी ठेवली.