ऑक्टोबरातला नाताळ

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका साध्या मंगळवारी दातवाली कामावरून घरी आली, तेव्हा सासरे स्टुलावर बसून पॅसेजच्या भिंतीला नाताळच्या दिव्यांची माळ ठोकत होते.

दातवाली हे तिचं घरातलं नाव. कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. लग्न झाल्यावर सासऱ्यांनीच गमतीनं ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. केसभर वर आलेली दाढसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे.

"बाबा, अहो अजून अडीच महिने आहेत!"

"मग? गेल्या वर्षी ऐन वेळी किती धावपळ झाली. यंदा आधीच उरकून टाकतो," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. दरवर्षी दहादा सांगितल्याशिवाय हा माणूस पोटमाळ्यावरचं खोकं खाली काढत नसे.

तिनं घरभर नजर फिरवली. सासऱ्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, त्यांच्या हातून वायर कधी वाकडी जायची नाही. पण माळ छताजवळ नव्हती. ती कमरेइतक्या उंचीवर, सासूसासऱ्यांच्या खोलीपासून थेट बाथरूमपर्यंत गेली होती. दरवर्षी गॅलरीत लागणारा मोठा तारा बाथरूमच्या दारावर होता. बाहेरच्या दाराला आतून घंटी बांधलेली. गॅसच्या बटणांवर सांताच्या इवल्याशा लाल टोप्या, रबर लावून घट्ट बसवलेल्या. आणि जिथे चार माणसं येतात त्या बाहेरच्या खोलीत मात्र काही म्हणजे काही नाही.

"हौस आली असेल," नवरा जेवताना म्हणाला. "म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण."

"बाथरूमच्या दारावर तारा लावायची हौस? मला काहीतरी काळंबेरं वाटतंय."

आधी तिला वाटलं, मोठे दीर बिऱ्हाडासकट राहायला येणार आहेत आणि तिला सांगायचं टाळलं जातंय. तिनं गोड बोलून जावेला फोन केला. जावेला कशाचा पत्ता नव्हता. मग एकच उत्तर उरलं: बाबांचं डोकं ठिकाणावर नाही.

ती त्यांच्यावर डोळा ठेवू लागली. जितकं बघावं तितका संशय बळावत गेला. घंटी वाजली की ते हातातला पेपर टाकून दाराकडे धावत. आईंना कुणी काही विचारलं की उत्तर बाबाच देत. अख्ख्या जिन्याची खबरबात ठेवणाऱ्या आई हल्ली नुसत्या हसून बसत. बिचाऱ्या, यांच्या धाकानं गप्प झाल्या असतील, असं दातवालीला वाटे.

शनिवारी तिला सुट्टी होती. बाबा केस कापायला गेले होते, आई झोपल्या होत्या. गॅसजवळ कापडाच्या टोप्या म्हणजे आगीला आमंत्रण, असं स्वतःला बजावत तिनं त्या काढल्या. मग हात थांबेना. माळ उतरवली, तारा काढला, घंटी सोडली. सगळं खोक्यात भरून खोकं पोटमाळ्यावर ढकललं. मनाला बरं वाटलं.

अर्ध्या तासानं पॅसेजमधून खुडबुड ऐकू आली. आई कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून उभ्या होत्या. एक हात फळीवर चाचपडत होता. कपडे ओले झाले होते, पायाखाली फरशीही.

"आई?"

त्यांनी वळून पाहिलं. अनोळखी बाईकडे बघावं तसं.

"अहो ताई, इथे तारा होता ना? कुठे गेला हो तो?"

दातवालीनं बाथरूमच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं.

बाबा कधी आत आले ते कळलंच नाही. त्यांनी रिकाम्या भिंती पाहिल्या, बायकोचे कपडे पाहिले. दातवालीला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ते फक्त आईंचा हात धरून म्हणाले, "चल. इकडून."

आईंना कोरडे कपडे घालून निजवल्यावर ते स्वयंपाकघरात येऊन बसले.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"एप्रिलपासून. आधी नावं जायची, मग खोल्या जायला लागल्या. मे महिन्यात खालच्या रस्त्यावर सापडली. अनवाणी."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, सुनेसमोर माझी लाज राख." त्यांनी टेबलावरून उगाच हात फिरवला. "दिवे ठोकायचे तर काहीतरी निमित्त हवं. नाताळशिवाय दुसरं सुचलं नाही."

"आणि मी तुम्हालाच..."

"वेडा समजत होतीस. कळत होतं मला. म्हटलं, चालेल. तुझं लक्ष तिच्यापेक्षा माझ्यावर राहिलेलं बरं."

दातवाली उठली आणि खोकं पुन्हा खाली काढलं. त्यांनी माळ धरली, तिनं खिळे ठोकले. तारा तिनं थोडा खाली लावला, आईंच्या डोळ्यांसमोर येईल असा.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आईच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसला. बाबा मात्र तिच्यावर भडकले.

"शब्द दिला होता मी तिला!"

"तुम्ही दिला होता, बाबा. मी नव्हता दिला. किती दिवस एकटे धावणार होतात?"

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं लपवून ठेवलेले आईंचे जुने रिपोर्ट तिच्यापुढे ठेवले आणि पुढच्याच आठवड्यात चौघं डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करत नव्हत्या. त्यांनी आईंना तारीख विचारली, वार विचारला. मग दातवालीकडे बोट करून म्हणाल्या, "या कोण, सांगाल?"

आईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"नाव नका विचारू," आई म्हणाल्या. "घरातली आहे."

आणि तिच्याकडे झुकून हळूच विचारलं, "निघायचं का आता? मला फार भूक लागलीय."