श्रावणातलं जांभूळ-ताक

शांतादेवींना एकदा कुणाचा संशय आला की तो सहजासहजी जात नसे. दूधवाल्यानं पाणी घातलंय, शेजारणीनं परत दिलेली वाटी आपली नव्हेच, भावकीनं लग्नाची पत्रिका मुद्दाम उशिरा धाडलीय, असे त्यांचे खटले बारमाही चालू असत. फिर्यादी त्या, साक्षीदार त्या, न्यायाधीशही त्याच. यंदाच्या श्रावणात पिंजऱ्यात उभी होती त्यांची सून ईश्वरी. आरोप असा, की ती सासऱ्यांच्या जांभूळ-ताकात गुपचूप साखर घालते.

सासरे म्हणजे शिवलिंगप्पा. परळीत, वैद्यनाथाच्या वाटेवर त्यांचं किराणा दुकान, आणि दुकानामागेच घर. अख्खी गल्ली त्यांना आप्पा म्हणे. आप्पांना साखरेचा आजार जुना, रोज सकाळी इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. ईश्वरी वैशाखात लग्न होऊन आली, लिंबागणेशकडची. तिच्या माहेरच्या बांधावर जांभळाची झाडं. आषाढात तिनं पाट्या भरभरून जांभळं आणली, गर काढून फ्रीजरमध्ये ठेवला, आणि तो घरच्या ताकात घुसळून, जिरं-मीठ लावून आप्पांना द्यायला लागली. आप्पांचं पोट वर्षानुवर्षं कुरकुरत होतं, ते आठवड्याभरात गप्प झालं. मग काय, आप्पा गिऱ्हाइकाला तुरीची डाळ तोलून देताना सांगत सुटले, "पोरीच्या हाताला लई गुण हाय. साखर खाडकन उतरते ह्यानं!"

"मामा, पोटाला बरं असतं एवढंच सांगा," ईश्वरी आतून सासऱ्यांना म्हणायची. "औषध न्हाई त्ये."

शांतादेवींच्या हातचं ताक आप्पा लग्न झाल्यापासून पीत आले होते. त्या ताकाला कधी गुण आल्याचं त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं. हे शांतादेवींना लागलं, आणि कुणालाही लागलं असतं.

श्रावण लागला. देवळाकडे जाणाऱ्यांची रीघ सुरू झाली. ईश्वरीनं दुकानाच्या पायरीवर जांभूळ-ताकाच्या बाटल्या मांडल्या. गिऱ्हाइकाचं ताक साखर घालून, आप्पांचं बिनसाखरेचं, दोन्हींची भांडी वेगळी. बाटल्या हातोहात खपायला लागल्या, आणि नेमका त्याच दिवसांत आप्पांचा आकडा चढायला लागला.

साखर मोजायचं यंत्र मुलानं, संगमेश्वरनं, आषाढातच आणलं होतं. बोट टोचायचं काम शांतादेवींनी कुणाला दिलं नव्हतं. वेळ ठरलेली, पूजेनंतर आणि काही खाण्याआधी. अंगातून रक्त काढून पूजेला बसणं आप्पांना चालत नसे. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ते पूजा करत. एरवी नुसतं पाणी, श्रावणात पंचामृताचा अभिषेक. पूजा झाली की तीर्थाचा हात डोळ्यांना लावायचा, उपरण्याला टिपायचा आणि बायकोपुढे करायचा. उजवं बोट टोचलं तर तराजू धरताना ठणकतं, म्हणून डावंच.

आषाढात आकडा शहाण्यासारखा वागला होता. श्रावणात तो तीनशेच्या आसपास नाचायला लागला. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी इन्सुलिन वाढवलं. पुन्हा फोन, पुन्हा वाढवलं. "एकदा लॅबमध्ये रक्त तपासून घ्या," असं डॉक्टर दोन्ही वेळा म्हणाले. आप्पा म्हणाले, श्रावणाची गर्दी सरू द्या.

शांतादेवींना लॅबची गरजच नव्हती. त्यांच्या लेखी सगळं लख्ख होतं. आधी चांगलं पाजून म्हाताऱ्याचा विश्वास मिळवला, आता धंदा वाढला तशी एकाच भांड्यात घुसळून मोकळी होतेय. त्यांनी पाळत ठेवली. स्वयंपाकघराच्या दारावरची राख पुसायच्या निमित्तानं त्या तिथंच घुटमळायच्या. परळीत थर्मल वीजकेंद्राच्या कृपेनं पुसायला राख कधी कमी पडत नाही. पण ईश्वरी सापडेना. सापडत नाही म्हणजे किती पोचलेली आहे बघा, असं त्यांनी ठरवलं.

शेवटी त्यांनी तोंडावरच विचारलं. "ह्यांच्या ताकात साखर टाकतीस का गं?"

"न्हाई, आत्याबाई."

"मग आकडा कावून चढायलाय?"

"मला बी तेच कळंना झालंय," ईश्वरी म्हणाली. चेहरा पडलेला. हा पडलेला चेहराही शांतादेवींनी पुराव्यात जमा केला.

मग तिसरा सोमवार आला. आप्पांचा उपास असे. इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी राहायचं नाही, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. आप्पांनी त्यावर तोडगा काढला होता, सुई झाली की तांब्याभर जांभूळ-ताक आणि वर भगर. त्या सकाळी आकडा आणखी चढलेला निघाला. डॉक्टरांनी वाढवून दिलेल्या मापाची सुई शांतादेवींनी दिली. भगर अजून चुलीवर होती. ईश्वरीनं भरून ठेवलेला ताकाचा तांब्या त्यांनी उचलला, मोरीत नेला आणि रिता केला. बघू तर खरं, आज हिच्या ताकावाचून आकडा कसा चढतो.

"आज ताक नासलंय," त्या आप्पांना म्हणाल्या. "भगर व्हईल आता."

"राहू दे, मागून खातो," म्हणत आप्पा दुकानात गेले. पायरीवर गर्दी उसळली होती. भगर झाकून राहिली.

ऊन चढलं तसा दुकानातून आरडाओरडा झाला. शांतादेवी धावल्या. आप्पा गादीवर कलंडले होते. सदरा घामानं भिजून अंगाला चिकटलेला, हात थरथरत होते, आणि ते समोरच्या माणसाला कुठल्याशा जुन्या तेलाच्या डब्याचं काही तरी अडखळत सांगत होते.

"साखर चढली! तिच्या ताकानं चढली!" शांतादेवी ओरडल्या. हे माणूस गेलं तर आपण भांडायचं कुणाशी, हाच विचार त्यांना आला आणि रडू फुटलं.

ईश्वरी यंत्र घेऊन आली. तिनं ओल्या पदरानं आप्पांचं बोट पुसलं, टोचलं. यंत्रानं दाखवलं बेचाळीस.

"उतरलीय, आत्याबाई! लई उतरलीय!" तिनं बाटलीतल्या ताकात मूठभर साखर ढवळली आणि पेला आप्पांच्या ओठाशी नेला.

शांतादेवींनी तिचं मनगट धरलं. इतके दिवस जे बघायला त्या दाराआड टपल्या होत्या, ते आता भरदिवसा डोळ्यांसमोर चाललं होतं. "सकाळी तीनशेच्या वर व्हती! माझ्या देखत मारतीस व्हय त्यांला?"

"सोडा, आत्याबाई." ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात हलत नव्हता. "गिळायलेत तवर पाजू द्या. मागून काय मारायचं ते मला मारा."

आप्पांची मान खाली झुकली. शांतादेवींची बोटं सुटली. विश्वास बसला म्हणून नव्हे, दुसरं काही सुचेना म्हणून.

आप्पा घोट घोट प्याले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे नीट उघडले आणि दुकानात एवढी माणसं का जमलीत, असं दरडावून विचारलं.

दवाखान्यातून त्यांना संध्याकाळी घरी आणलं. डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं आणि विचारलं, सुईनंतर काही पोटात गेलं होतं का? आप्पांना सकाळचं धड आठवत नव्हतं. "ताक पेलो असंन की, रोजच पेतो," ते म्हणाले. शांतादेवी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

इकडे गल्लीनं निकाल देऊनही टाकला होता. आप्पाच सांगत होते ना, ताकानं साखर खाडकन उतरते? उतरली! संगमेश्वरनं पायरीवरच्या बाटल्या आत आणून आपटल्या. "ईश्वरे, उद्यापासून ताक बंद. माझ्या बापाच्या जिवावर बेतलं व्हतं." ईश्वरीनं मान हलवली आणि मोरीवर बाटल्या विसळायला बसली. सकाळपर्यंत ताक साखर चढवत होतं, संध्याकाळी तेच उतरवायला लागलं. दोन्ही गुन्हे एकीच्याच नावावर.

शांतादेवींना खरं तर समाधान वाटायला हवं होतं. ते वाटेना, म्हणून त्या देवघर आवरायला गेल्या. सकाळचं पंचामृताचं ताम्हन तसंच पडलं होतं, ते त्यांनी हातानं निपटून काढलं. शेजारीच यंत्र होतं. सकाळी एक बोलतं, दुपारी एक बोलतं, आता संशय उरला होता तो ह्याच्यावरच. त्यांनी हात पदराला पुसला आणि स्वतःचं बोट टोचलं.

आकडा तीनशेच्या पुढे. शांतादेवींना जन्मात साखर नव्हती. मला बी पाजलं की काय हिनं, हे आधी मनात आलं, सवयच ती. मग रक्त थांबवायला त्यांनी बोट तोंडात घातलं.

बोट गोड लागलं. मधासाखरेचं गोड.

त्यांनी हात साबणानं घासून धुतले, कोरडे केले आणि दुसरं बोट टोचलं. आकडा निरोगी माणसाचा आला. म्हणजे श्रावणभर त्या मोजत होत्या ते तळहातावरचं पंचामृत, आणि सुया देत होत्या त्या नवऱ्याला.

बाहेर बाटल्यांचा आवाज चालू होता. हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. उद्यापासून आप्पांचा हात धुऊन घेतला असता, आकडा उतरला असता, ताक तर बंदच झालेलं. शांतादेवींनी यंत्र उचललं आणि देवघराचा उंबरा ओलांडला. मग मोरीपाशी आल्या आणि मुलाला हाक मारली.

"संगमेश्वर, ताकाचा काय दोष न्हाई. ह्यांनी ताक पेलंच न्हाई आज. मी वतलं मोरीत. सकाळचा आकडा बी खोटा व्हता, पूजेच्या हातानं घेतलेला. सुई मीच दिली, उपाशी बी मीच ठेवलं."

ईश्वरीनं हातातली बाटली उपडी घातली.

"मला ठाऊक व्हतं, आत्याबाई. मोरी घासायला बसले तवा फरशी जांभळी झालती."

"मग दिवसभर बोलली कावून न्हाईस?"

"तुमी न्हाई म्हणला असता," ईश्वरी म्हणाली, "आन समद्यांनी तुमचंच खरं धरलं असतं."

पोरीच्या मनगटावर शांतादेवींच्या बोटांचे वळ अजून दिसत होते. त्या तिच्याशेजारी पाटावर बसल्या आणि त्यांनी बाटली विसळायला घेतली.