तिरक्या पाकिटातला कोरा पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे आणि कारखाना सोडल्यापासून मला कोणीही पाहिलेले नाही. खरेच सांगतो मित्रांनो, एकानेही नाही! मी एका चंदेरी पाकिटात बंद आहे. ते पाकीट अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, डेल सोबचाकच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या आणि कॉफीच्या डब्यांमध्ये उभे आहे. माझ्यावर चित्र नाही, नाव नाही, आकडे नाहीत. पुढून पांढरा, मागूनही पांढरा. असल्या पुठ्ठ्याला कसले आले आहे आत्मवृत्त, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचे.

माझा जन्म बेसबॉल खेळाडूंची, लोक हौसेने जमवतात ती कार्डे छापणाऱ्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर कापलेले पुठ्ठे रांगेने छपाईला गेले. कोणाला चेहरा मिळाला, कोणाला बॅट, कोणाला सोनेरी किनार. काहींच्या पोटात तर छोटी खिडकी पाडून तिच्यात खेळाडूच्या अंगातल्या शर्टाचा तुकडा बसवला. ती कार्डे जाडजूड आणि सगळ्यांची लाडकी. मी मात्र यंत्रासमोरून सरळ पुढे गेलो. मला वाटले, विसरले वाटते.

पण ते विसरले नव्हते. झाले होते असे, की दुकानांत काही हुशार माणसे पाकिटे चाचपून बघत. जाड लागले की आत शर्टाचा तुकडा असणार, मग तेवढेच पाकीट उचलायचे आणि पातळ पाकिटे बाकीच्यांच्या गळ्यात मारायची. म्हणून कारखान्याने शक्कल काढली. मधूनच एखाद्या पाकिटात माझ्यासारखा जाड, कोरा पुठ्ठा घालायचा. चाचपणाऱ्याने खुशीत पाकीट फोडायचे आणि आतून मी निघायचे! म्हणजे माझा जन्मच मुळी फसवायला झाला.

पाकिटे भरणाऱ्या बाईने मला उचलले आणि ती शेजारणीला म्हणाली, "हा बघ, चालला बिचारा शिव्या खायला."

"अगदी माझ्या जावयासारखा दिसतो गं," शेजारीण म्हणाली. "अंगानं भरलेला, आत काही नाही."

दोघी इतक्या हसल्या की माझे पाकीट जरा तिरकेच चिकटले. ती तिरकी कड हीच माझी एकमेव खूण. आत माझ्या एका बाजूला एक कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा गडी, छापलेले कार्ड आहे आणि दुसऱ्या बाजूला एक राखीव खेळाडू. तो तेव्हापासून माझ्या पाठीला नाक टेकून हसतो आहे.

आमचे खोके बर्निसबाईंच्या दुकानात आले. काउंटरवर पाटी होती: 'पाकिटे चाचपू नयेत. मी बघते आहे.' आणि त्या खरोखरच बघत. आमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, की प्रत्येक खोक्यात शर्टाच्या तुकड्याचे एक कार्ड. त्याखाली बारीक अक्षरांत 'सरासरी' असाही शब्द होता. तो कोणी वाचत नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी डेल आणि त्याची मुलगी ट्रूडी दुकानात आली. डेल मोटारींच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. काच कुठे जाड झाली, कुठे पातळ, ते तो अंगठा फिरवून सांगतो. ट्रूडी तेव्हा चौदा वर्षांची होती. आईवडील वेगळे झाल्यापासून ती नदीपलीकडे, आई आणि तिचा नवा जोडीदार ग्रेग यांच्याकडे राहायची. आठवड्यातला शनिवार तेवढा डेलचा. आणि दर वर्षी नव्या मोसमाचे पहिले खोके ही दोघे मिळून फोडत.

डेल मागच्या कपाटातले अल्बम बघायला गेला, तशा बर्निसबाई काउंटरवर वाकल्या. मी त्यांच्या कोपराखालीच होतो, म्हणून सगळे ऐकू आले.

"काय गं, माझी भाची म्हणत होती ते खरं का? शाळेच्या सॉफ्टबॉल संघात घेतलं तुला? आणि तेही चेंडू टाकायला, पिचर म्हणून?"

"शू! बर्निसमावशी, हळू! बाबाला अजून सांगितलं नाही."

"का? चांगली बातमी आहे की!"

"सामने शनिवारी असतात."

"अगं बाई," बर्निसबाई म्हणाल्या आणि काउंटरवरची पाटी उगाच सरळ करू लागल्या. 

घरी आल्यावर दोघांनी साबणाने हात धुतले. ओल्या किंवा तेलकट हाताने कार्डाला शिवायचे नाही, हा त्या घरचा नियम. करंजीसारखे पोलिश पिएरोगी ओव्हनमध्ये गरम राहायला ठेवले होते, पण आधी कार्डे, मग जेवण, हा दुसरा नियम. डेलने खोके टेबलावर उपडे केले आणि आम्ही सगळी पाकिटे घसरत पसरलो. आळीपाळीने एकेक उचलायचे, चाचपायचे नाही, आणि खास कार्ड निघाले तर ते ज्याला निघेल त्याचे, हा तिसरा.

मग सुरू झाले! चंदेरी कागद टराटरा फाटू लागला. नव्या शाईचा वास माझ्यापर्यंत आला. दोघे मिळून अख्खा संच जमवत होते, त्यामुळे प्रत्येक कार्डाची 'हवंय' किंवा 'आहे' अशी हजेरी लागत होती.

"हवंय," ट्रूडी म्हणाली.

"आहे. आहे. हा पण आहे," डेल म्हणाला. "हा तर दर पाकिटात असतो. याला घरी काही काम नाही का?"

"ए बाबा, याचं नाक बघ. गेल्या वर्षीच्या कार्डावर सरळ होतं."

"बायकोनं चेंडू मारला असेल."

"हवंय! हवंय! बाबा, हा खूप हवा होता!"

"ओरडू नकोस मॅडम, खाली म्हातारा राहतो. त्याला वाटेल आपल्याला पैसे सापडले."

इकडे माझ्या लक्षात एक गोष्ट आली. डेलचा हात माझ्यावरून जायचा, क्षणभर थांबायचा आणि शेजारचे पाकीट उचलायचा. ट्रूडीचा हातही तसाच. यायचा, थांबायचा, जायचा. मला वाटले, तिरका म्हणून मी नको आहे. मग डेलच्या कोपराचा 'चुकून' धक्का लागला आणि मी ट्रूडीसमोर सरकलो. थोड्या वेळाने ट्रूडीने खोके बाजूला करताना मला 'चुकून' परत डेलसमोर ढकलले. आणि मला उलगडा झाला! दोघांच्याही बोटांना मी जाड आहे हे कळले होते. दोघेही नियम मोडून चाचपत होते, पण स्वतःसाठी नाही. त्याला वाटत होते, मोठे कार्ड तिला निघावे, म्हणजे ती पुढच्या शनिवारीही आनंदाने येईल. तिला वाटत होते, आज बाबाला मोठे काहीतरी निघावे आणि मग आपण सांगावे. आणि आत कोण? मी! मित्रांनो, लाज वाटावी असा प्रसंग होता, पण पुठ्ठ्याला लाल होता येत नाही.

पाकिटे संपत आली. शर्टाच्या तुकड्याचे कार्ड काही निघाले नाही, त्यामुळे माझा भाव आणखीच वाढला.

"ते समोरचं घे ना," डेल म्हणाला. "तुझ्या नाकाखाली आहे."

"मला पलीकडचं हवंय."

"हात तरी पुरतो का तुझा तिथवर?"

"पुरतो म्हणजे? पिचरचा हात आहे हा!"

आणि ती थबकली.

"कोणाचा हात?" डेलने विचारले.

"शाळेच्या संघात घेतलं मला. पिचर म्हणून."

"कधी?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे."

"तेच तर, बाबा." तिचा आवाज एकदम लहान झाला. "सामने शनिवारी असतात. सगळे. जूनपर्यंत."

 टेबलावर एका बाजूला 'हवीत'चा ढीग, दुसऱ्या बाजूला 'आहेत'चा, आणि मध्ये मी.

"मंगळवारपासून पोटात धरून बसलीस?" डेल शेवटी म्हणाला. "पिचरला असं चालत नाही बाई. चेंडू हातातून सोडावा लागतो."

ट्रूडी नाक ओढत हसली. "सोडला की आत्ता."

"जोरात टाकतेस का?"

"तुझ्यापेक्षा जोरात."

"माझ्यापेक्षा बर्निसपण जोरात टाकते." त्याने 'आहेत'चा ढीग उगाच सारखा केला. "बघायला आलो तर चालेल?"

"आई असेल. ग्रेगपण असेल."

"ग्रेग स्वतःची खुर्ची घेऊन येतो का?"

"हो. कप ठेवायला खिसा असलेली."

"वाटलंच मला."

"तू त्यांच्याजवळ नको बसूस. लांब बस. मैदान मोठं आहे."

"लांबून दिसेन तुला?"

"तो हिरवा कोट घालून ये. तो चंद्रावरूनपण दिसतो."

मग दोघांचे लक्ष माझ्याकडे गेले. टेबलावर न फोडलेले पाकीट मी एकटाच उरलो होतो.

"घे, तुझी पाळी," डेल म्हणाला.

"माझी आत्ताच झाली. तुझी आहे."

डेलने मला उचलले. या वेळी लपूनछपून नाही, उघडपणे त्याने अंगठा माझ्या मधोमध दाबला. शर्टाच्या तुकड्याचे कार्ड खिडकीपाशी किंचित मऊ लागते. मी सगळीकडे सारखाच टणक. तो अंगठा आयुष्यभर काचेवरून फिरलेला. त्याला कळले. मी कोरा आहे हे डेलला त्या क्षणी कळले.

आता फाडणार, मी मनाशी म्हटले. दोघे हसतील, मी केराच्या टोपलीत जाईन, ती पूल ओलांडून घरी जाईल आणि टेबल रिकामे होईल.

"हे राहू दे," डेल म्हणाला. "तुझा सीझन संपला की फोडू. भारी लागतंय हाताला."

"बघू?" ट्रूडीने मला घेतले. चाचपायला तिला त्यानेच शिकवले होते. तिने मधोमध दाबले. मग पुन्हा एकदा दाबले. अंगठा जरा थांबला. तिलाही कळले.

"बाप रे, बाबा," ती म्हणाली. "यात नक्की काहीतरी मोठं आहे."

आणि तिने स्वतः स्टुलावर चढून मला फडताळावर ठेवले.

एवढेच घडले. जूनमध्ये ती आली, तेव्हा तिच्या पिचिंगच्या हाताला पट्टी होती आणि डेलची मान उन्हाने भाजली होती. हिरवा कोट त्याने सगळे सामने संपेपर्यंत सोडला नव्हता म्हणे, उकाड्यातसुद्धा. तिने मला खाली काढले, दाबले, म्हणाली, "फोडूया?" तो म्हणाला, "आज पिएरोगी गार होतायत." पुढच्या मार्चमध्ये नवे खोके आले, तेव्हा त्याने विचारले, "आधी ते जुनं फोडूया?" ती म्हणाली, "छे, आधी नवीन." आता ती दुसऱ्या गावी कॉलेजात शिकते. सुट्टीला आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारते, "आहे ना रे अजून?" तो म्हणतो, "जाईल कुठं?"

माझ्या आजूबाजूला फारसे काही घडत नाही. शेजारचा कॅचर खेळातून निवृत्त झाल्याचे मी रेडिओवर ऐकले. त्याला अजून सांगितलेले नाही. माझ्या कोपऱ्यांना कॉफीचा वास लागला आहे. कधीकधी वाटते, पुन्हा एकदा तरी उजेड बघावा, निदान एक शिवी तरी खावी. आमच्या जातीला तेवढाच मान असतो. मग कोणाचा तरी अंगठा येतो, मधोमध दाबतो, आणि ते वाटणे विरते.

मित्रांनो, तुम्ही कार्डे जमवत असाल तर खुशाल खोके फोडा. हात धुऊन फोडा, कोपरे जपा, दुकानात चाचपू नका. पण कधी टोलेडोला गेलात, आणि त्या घरी मीठ शोधताना एक तिरके चंदेरी पाकीट तुमच्या हाताला लागले, तर कृपा करून ते होते तिथेच ठेवा. दाबून बघा हवे तर, सगळेच बघतात. पण फोडू नका. मी कोरा आहे हे डेलला माहीत आहे आणि ट्रूडीलाही माहीत आहे. समोरच्यालाही ते माहीत आहे, एवढे मात्र दोघांपैकी एकालाही कळता कामा नये.